वाकड्या कांबेचे गणित

दिल्लीच्या दक्षिणेस वसलेले फरीदाबाद हे नगर मराठी वाचकास फारसे परिचित नसेल. परंतु त्या नगरात तयार झालेली यंत्रे महाराष्ट्राच्या शेताशेतांत पोहोचली आहेत. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९ पासून येथे एक नवे औद्योगिक नगर उभारण्यात आले. १९५९ साली आयशर ट्रॅक्टर येथील कारखान्यातून बाहेर पडला, आणि पुढील दशकात एस्कॉर्ट्सच्या ट्रॅक्टरांचीही त्यात भर पडली. आज फरीदाबाद आणि शेजारचे बल्लभगढ या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग, साचे आणि दाबकाम करणारे लहानमोठे असंख्य कारखाने आहेत.

ट्रॅक्टर किंवा प्रवासी बस थोडी निरखून पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते. तिच्यात वाकवलेल्या कांबी आणि नळ्या जागोजाग आहेत. धूर बाहेर नेणारी नळी, चालकाने हाताने धरावयाची कांब, चाकावरील पत्र्याला आधार देणारी पट्टी, आसनाची चौकट, बसच्या छपराची कमान, या साऱ्यांना वळण आहे. हे वळण देण्याची रूढ रीत अशी की, आधी सरळ कांब तयार करावयाची आणि नंतर ती यंत्रावर वाकवावयाची. साच्यातून बाहेर पडतानाच कांबेने हवे ते वळण घेऊन बाहेर पडावे, ही कल्पना त्यामानाने नवी आहे. गेल्या काही दशकांत जर्मनी, जपान आणि इंग्लंड येथील प्रयोगशाळांनी ती शक्य असल्याचे दाखविले आहे. मात्र या कल्पनेचे यश दाबयंत्राच्या बळापेक्षा मोजमापाच्या शिस्तीवर अधिक अवलंबून आहे. फरीदाबादसारख्या नगरांतील लहान कारखान्यांनी ही विद्या आत्मसात करावी अशी इच्छा असेल, तर आपल्या देशात आधी त्या शिस्तीची सोय झाली पाहिजे.

सोऱ्या आणि दाबयंत्र

ज्या क्रियेने अशा कांबी निघतात, तिला परिभाषेत बहिःसारण म्हणतात. कारखान्यांत मात्र ‘एक्स्ट्रूजन’ हाच शब्द रूढ आहे. ही क्रिया समजावून घेण्यासाठी मराठी वाचकाला स्वयंपाकघराबाहेर जावयास नको. चकलीच्या सोऱ्यात भाजणीचे पीठ भरून वरून दट्ट्या दाबला, म्हणजे खालच्या चकतीच्या चांदणीसारख्या भोकातून पिठाची लांब कांब बाहेर पडते. भोकाचा जो आकार, तोच कांबेचा छेद. चकती बदलली की शेव निघते, पुन्हा बदलली की गाठी निघते. धातूचे दाबयंत्र याच तत्त्वावर चालते. त्यात पिठाच्या जागी धातूचा दंडगोल ठोकळा असतो, त्याला बिलेट म्हणतात. सोऱ्याच्या नळीच्या जागी जाड पोलादी पात्र असते, आणि चकतीच्या जागी कठीण पोलादाचा साचा, म्हणजे डाय, असतो.

इंग्लंडातील जोसेफ ब्रामा याने शिशाच्या नळ्या करण्यासाठी या तत्त्वाचे पेटंट १७९७ साली घेतले. १८२० साली टॉमस बर याने द्रवदाबाचे यंत्र वापरून शिशाच्या नळ्या प्रत्यक्षात काढल्या. शिसे मऊ असते, म्हणून ते आधी साधले. पितळेसारख्या कठीण मिश्रधातूंना तापवून साच्यातून रेटण्याचे श्रेय अलेक्झांडर डिक याच्या १८९४ मधील यंत्राला दिले जाते. आज ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या चौकटींपासून अणुभट्टीतील झर्कोनियमच्या नळ्यांपर्यंत अनेक वस्तूंच्या निर्मितीत ही क्रिया येते. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात झर्कोनियमच्या नळ्या घडविताना पहिल्या टप्प्यांत बहिःसारणच केले जाते.

ॲल्युमिनियमचे बिलेट साधारणतः ४५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. या तापमानाला धातू वितळत नाही. तो घनच राहतो, पण पुरेसा दाब पडला की घट्ट मळलेल्या कणकेप्रमाणे वाहू लागतो. येथे एक साधा नियम लागू पडतो. धातूचे आकारमान दाबाने कमी होत नाही. म्हणून जेवढा धातू मागून आत ढकलला जातो, तेवढाच पुढून बाहेर पडला पाहिजे. बिलेटच्या छेदाचे क्षेत्रफळ कांबेच्या छेदाच्या ३० पट असेल, तर कांब दट्ट्याच्या ३० पट वेगाने बाहेर येते.

कांब वाकडी का येते?

हा नियम कांबेचा सरासरी वेग सांगतो. परंतु भोकाच्या प्रत्येक बिंदूशी धातूचा वेग सारखाच असेल, असे तो सांगत नाही. आणि वाकडेपणाचे मूळ नेमके येथे आहे. तापलेले ॲल्युमिनियम पात्राच्या भिंतीला चिकटून राहते. त्यामुळे भिंतीजवळचा धातू मागे रेंगाळतो आणि मध्यभागीचा पुढे धावतो. साच्याचे भोक मध्यापासून बाजूला असेल, तर कांबेच्या आतल्या कडेला धातूचा पुरवठा जलद होतो आणि बाहेरच्या कडेला सावकाश. एक कड पुढे जाऊ पाहते, दुसरी मागे राहते. परंतु दोन्ही एकाच कांबेच्या कडा असल्यामुळे त्यांना एकमेकींना सोडून जाता येत नाही. परिणामी कांब सावकाश कडेच्या बाजूस वळते. दिंडीत हात धरून चाललेली माणसांची रांग वळणावर कशी फिरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे सहज उमगेल. बाहेरच्या माणसाला झपझप चालावे लागते, आतला जवळजवळ जागीच पावले टाकतो.

या वळणाचे गणित सोपे आहे. समजा, एका कांबेची रुंदी २० मिलिमीटर आहे. तिची एक कड मिनिटाला १०.२ मीटर वेगाने बाहेर पडते आणि दुसरी १०.० मीटर वेगाने. दोन वेगांची सरासरी १०.१ आणि त्यांच्यातील फरक ०.२. सरासरीला फरकाने भागून कांबेच्या रुंदीने गुणले, म्हणजे वळणाची त्रिज्या मिळते. ती येथे १,०१० मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक मीटर येते. वेगांत अवघ्या २ टक्क्यांचा फरक पडला, तर कांब दोन मीटर व्यासाच्या कड्यासारखी वळून बाहेर येते.

म्हणूनच सरळ कांबी काढणाऱ्या कारखान्यांत हा वाकडेपणा हा नित्याचा शत्रू मानला जातो. त्याच्याशी झुंज देण्याचे मुख्य साधन म्हणजे भोकाच्या भिंतीची लांबी. साच्यातून बाहेर पडताना धातू ज्या अरुंद सपाट पट्टीला घासत जातो, तिला बेअरिंग म्हणतात. ही पट्टी जेथे लांब, तेथे घर्षण अधिक आणि धातूची गती कमी. जेथे आखूड, तेथे गती जास्त. अनुभवी कारागीर पहिला तुकडा बाहेर आला की तो हातात घेऊन न्याहाळतो, तो कोणत्या बाजूला वळला ते पाहतो, आणि जी कड मागे राहिली तेथील पट्टी कानशीने किंचित आखूड करतो. गती वाढविणे असे सोपे असते. वाढलेली गती पुन्हा कमी करणे मात्र फार अवघड, कारण घासून गेलेले पोलाद परत बसवता येत नाही. म्हणून हा कारागीर थोडे थोडे घासतो आणि पुन्हा पुन्हा तपासतो.

नळीच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. पोकळ वस्तूसाठी साच्याच्या मध्यभागी एक गाभा टांगून ठेवावा लागतो. त्याला धरून ठेवणाऱ्या पायांमुळे बिलेटचा धातू तीन किंवा चार प्रवाहांत विभागला जातो. पाय ओलांडल्यावर हे प्रवाह प्रचंड दाबाखाली पुन्हा एकमेकांना मिळतात आणि एकजीव होतात. यांपैकी एका वाटेने धातू जास्त आला, तर नळीची ती बाजू लांब होते आणि नळी विरुद्ध बाजूस वळते. शिवाय भिंतीची जाडीही असमान होऊ शकते.

दोषाचा उपयोग

सरळ कांब नंतर वाकविण्यात कोणत्या अडचणी येतात, ते येथे लक्षात घेतले पाहिजे. ४० मिलिमीटर व्यासाची नळी २०० मिलिमीटर त्रिज्येत वाकविली, तर तिच्या बाहेरच्या बाजूचा धातू सुमारे १० टक्के ताणला जातो आणि आतल्या बाजूचा तेवढाच दाबला जातो. बाहेरची भिंत पातळ होते, आतल्या भिंतीवर सुरकुत्या पडू शकतात, आणि गोल छेद चपटा होऊ लागतो. दाब काढून घेताच नळी थोडीशी परत उसळते; म्हणून तिला हव्या त्या वळणापेक्षा अधिक वाकवावे लागते, आणि किती अधिक, हे धातूच्या प्रत्येक घाणीनुसार बदलते. साच्यातून निघतानाच वळण मिळाले, तर यांपैकी बऱ्याच अडचणी कमी होतात; कारण त्या क्षणी धातू तापलेला आणि वाहता असतो, आणि वळण बाहेरून जबरदस्तीने लादले जात नाही.

या दिशेने तीन वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. जर्मनीतील डॉर्टमुंड विद्यापीठात मथियास क्लाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साच्याच्या तोंडाशी एक मार्गदर्शक बसविला. बाहेर पडणाऱ्या कांबेला तो हळूच बाजूस सारतो, आणि या रेट्यामुळे साच्याच्या आतच धातूच्या वेगांत फरक पडतो. चकली पाडणारी गृहिणी सोऱ्या हाताने गोल फिरविते; येथे सोऱ्या स्थिर असतो आणि चकलीलाच बोट लावून वळविले जाते, एवढाच काय तो भेद. दुसरी वाट जपानमधील शिराइशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्यांनी साच्याचे तोंड दाबाच्या दिशेला तिरपे ठेवून बाहेर येणाऱ्या कांबी आणि नळ्या यांच्या वक्रतेचा अभ्यास केला, आणि तो २००३ साली प्रसिद्ध केला. तिरपेपणाचा कोन बदलला की वळण बदलते.

तिसरी वाट लंडनच्या इम्पीरियल महाविद्यालयातील संशोधकांनी २०१७-१८ च्या सुमारास पुढे मांडली. तीत पात्राच्या दोन्ही टोकांना दोन दट्ट्ये समोरासमोर असतात आणि साचा पात्राच्या कुशीत असतो. दोन्ही दट्ट्ये सारख्या वेगाने आले, तर कांब सरळ निघते. एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा जास्त केला, तर ती वळते. साचा न बदलता, केवळ वेगांचे प्रमाण बदलून एकाच कांबेला निरनिराळी वळणे देता येतील, हे या रचनेचे वैशिष्ट्य. ही कल्पना पारखण्यासाठी संशोधकांनी धातूऐवजी आधी प्लॅस्टिसिन, म्हणजे मुलांच्या खेळातील रंगीत चिकणमाती, वापरली. यात हसण्यासारखे काही नाही. धातूचा प्रवाह समजण्यासाठी चिकणमातीची प्रतिकृती वापरण्याची पद्धत ग्रीन याने १९५१ सालीच वर्णन केली होती.

या तीनही वाटांना एक समान अडचण आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ती अत्यंत महत्त्वाची आहे. सरळ कांब थोडीशी वाकडी आली, तरी कारखानदार तिची दोन्ही टोके पकडून तिला किंचित ताणतो आणि ती सरळ होते. वक्र कांबेला ही क्षमा नाही. ताणली की तिचे वळणच नाहीसे होईल. तिचा आकार साच्याच्या तोंडाशीच ठरतो. तेथे चूक झाली, तर नंतर ती सोयीने सुधारता येत नाही. म्हणून वळण किती येईल, हे आधीच सांगता यावे लागते. त्यासाठी संगणकीय सदृशीकरणाचा आश्रय घेतला जातो.

संगणकातील धातू

सदृशीकरण म्हणजे प्रत्यक्ष क्रियेची गणिती नक्कल. तिचे मुख्य साधन म्हणजे सांत घटक पद्धत. गणितज्ञ कूरांट यांनी १९४३ साली या पद्धतीचे एक बीज मांडले. विमानांच्या सांगाड्यांतील ताण काढण्यासाठी टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ साली तिला व्यावहारिक रूप दिले, आणि तिचे आजचे नाव क्लफ यांनी १९६० साली रूढ केले. ली आणि कोबायाशी यांनी १९७३ साली ती धातूच्या घडणीला लावून दाखविली. भारतातही या विषयाचे अध्ययन झाले आहे. प्रकाश महादेव दीक्षित आणि उदय शंकर दीक्षित यांचा धातुघडणीच्या सदृशीकरणावरील ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला.

पद्धतीचा गाभा असा. बिलेटची कल्पनेत हजारो लहान तुकड्यांत विभागणी करावयाची, आणि प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवरील वेग हे अज्ञात मानावयाचे. तुकड्यांवरील बलांचा समतोल राहिला पाहिजे, आकारमान बदलता कामा नये, आणि भिंतींशी घर्षणाचा नियम पाळला गेला पाहिजे, या अटींतून समीकरणांचे मोठे जाळे तयार होते. ते संगणक सोडवितो. बहिःसारणात धातूचे रूप इतके पालटते, की त्याच्यावर आखलेली काल्पनिक जाळी पिळवटून निकामी होते. म्हणून कधी जाळी पुन्हा पुन्हा नव्याने आखतात, तर कधी ती जागीच स्थिर ठेवून तिच्यातून धातू वाहू देतात. नदीत रोवलेल्या खुंटांमधून पाणी वाहते तसा हा प्रकार आहे.

येथपर्यंत सारे काम संगणकाचे आहे. परंतु संगणकाला दोन गोष्टी बाहेरून सांगाव्या लागतात. पहिली, हा विशिष्ट मिश्रधातू या तापमानाला आणि या वेगाने वाहण्यासाठी किती प्रतिकार करतो. आणि दुसरी, साच्याच्या भिंतीशी त्याचे घर्षण किती. तापमान आणि विकृतीचा वेग यांना एकाच राशीत गुंफण्याची रीत झीनर आणि हॉलोमन यांनी १९४४ साली दिली. सेलर्स आणि टेगार्ट यांनी १९६६ साली प्रतिकाराचा नियम अधिक नेटका मांडला. सूत्रे आहेत, पण सूत्रांतील स्थिरांक प्रयोगशाळेत मोजूनच मिळतात. ते प्रत्येक मिश्रधातूचे वेगळे असतात, आणि एकाच मिश्रधातूच्या ओतण्याच्या व तापविण्याच्या पद्धतीनुसारही बदलतात.

थोड्या फरकाचा मोठा परिणाम

वळणाचे भाकीत इतर भाकितांपेक्षा कठीण का, हे मघाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. दाबयंत्राला किती बल लागेल, हे काढताना थोडी चूक झाली तरी काम अडत नाही. यंत्राची क्षमता सहसा गरजेपेक्षा थोडी अधिकच ठेवलेली असते. वळण मात्र दोन मोठ्या वेगांतील लहानशा फरकातून निघते. दोन्ही कडांच्या वेगांत सारख्याच प्रमाणात चूक झाली, तर ती भागाकारात नाहीशी होते. पण एकाच कडेशी घर्षण किंचित चुकीचे धरले गेले, आणि तिचा वेग १०.२ ऐवजी १०.३ असा निघाला, तर त्रिज्या १,०१० मिलिमीटरवरून सुमारे ६७७ मिलिमीटरवर येते. वेगातील चूक १ टक्का. वळणातील चूक ३३ टक्के. कारखान्यातून बाहेर पडलेली कांब चौकटीत बसणार नाही, आणि पडद्यावरील रंगीत चित्र मात्र तितकेच सुंदर दिसत राहील.

या धोक्याची जाणीव जगातील संशोधकांना आहे. झ्यूरिक येथे २००५ साली, बोलोन्या येथे २००७ साली आणि डॉर्टमुंड येथे २००९ साली बहिःसारणावर परिषदा भरल्या. त्यांत काळजीपूर्वक मोजलेला एकच प्रयोग सर्वांपुढे ठेवावयाचा आणि निरनिराळ्या सदृशीकरणांची उत्तरे त्याच्याशी ताडून पाहावयाची, अशी प्रथा पडली. विज्ञानात प्रामाणिकपणा टिकतो तो अशाच जाहीर कसोटीने.

काय करावयास हवे?

आपल्याकडे या विषयावर दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, दहा-वीस माणसांच्या कारखान्याला सदृशीकरण ही चैन आहे. तेथे कानस आणि अनुभव पुरेसे आहेत. दुसरे मत याच्या उलट. संगणक आला की साचा दुरुस्त करणाऱ्या कारागिराची गरज उरणार नाही, म्हणून एक कार्यप्रणाली विकत घ्यावी आणि निश्चिंत व्हावे. ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून निघतात. ज्ञान यंत्रात असते, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. पहिला पक्ष ते यंत्र महाग म्हणून नाकारतो, दुसरा ते सर्वशक्तिमान म्हणून स्वीकारतो.

पहिल्या मतात तथ्याचा अंश आहे, हे मान्य केले पाहिजे. वर्षाला शंभर-दोनशे कमानी लागणाऱ्या कारखान्याला साधे वाकविण्याचे यंत्रच परवडेल. वक्र बहिःसारणासाठी मोठे दाबयंत्र लागते, बाहेर पडणाऱ्या वक्र कांबेला आधार द्यावा लागतो, ती चालत्या स्थितीत कापावी आणि सर्वत्र सारखी थंड करावी लागते. पातळ भिंतीच्या, गुंतागुंतीच्या छेदाच्या आणि मोठ्या संख्येने लागणाऱ्या वस्तूंनाच ही रीत शोभते. परंतु वाहने हलकी करण्याची निकड वाढत आहे. १९९४ च्या आउडी ए-८ या मोटारीने ॲल्युमिनियमच्या कांबींची चौकट प्रत्यक्षात आणून दाखविली. अशा चौकटींची मागणी उद्या फरीदाबादच्या सुट्या भागांच्या कारखान्यांपुढे आली, तर केवळ कानशीच्या भरवशावर ती पुरी होणार नाही. प्रत्येक चुकलेला साचा म्हणजे कठीण पोलाद, त्याच्यावरील यंत्रकाम, उष्णता-संस्कार आणि कित्येक दिवस वाया जाणे होय. मोठा कारखाना हा तोटा पचवितो. लहान कारखाना एका मोठ्या मागणीतच बुडू शकतो.

दुसऱ्या मताचे खंडन वरील गणितानेच केले आहे. जेथे १ टक्क्याची चूक वळण एक-तृतीयांशाने बदलते, तेथे परदेशी मिश्रधातूचे तयार आकडे भारतीय बिलेटला लावून भागणार नाही. साच्याच्या भिंतीशी घर्षण किती, याची पहिली खबर अजूनही त्या कारागिराच्या हाताला लागते, जो पहिला तुकडा उचलून पाहतो. दुर्दैव असे की, तो जे पाहतो ते कोठे लिहून ठेवले जात नाही. कोणता साचा, कोणत्या घाणीचे बिलेट, किती तापमान, कांब कोणत्या बाजूस किती वळली, कोठे किती घासले आणि त्यानंतर काय झाले, ही साधी नोंद कित्येक ठिकाणी होत नाही. कारागीर निवृत्त होतो आणि तीस वर्षांचे प्रयोग त्याच्याबरोबर घरी जातात. ही नोंद म्हणजेच सदृशीकरणाची खरी सामग्री आहे. तिच्यावाचून संगणक अंदाज करीत राहील. आणि संगणकावाचून ती नोंद एका माणसाच्या स्मरणापुरती राहील.

म्हणून सार्वजनिक पैसा कोठे खर्च व्हावा, याचा क्रम स्पष्ट आहे. कार्यप्रणाली विकत घेण्यासाठी सवलती देणे हे त्या क्रमात शेवटी यावे. आधी भारतात ओतल्या जाणाऱ्या मिश्रधातूंच्या बिलेटचे प्रवाह-प्रतिकार आणि घर्षण वेगवेगळ्या तापमानांना मोजून, त्यांची कोष्टके सर्वांना पाहता येतील अशा रीतीने प्रसिद्ध व्हावीत. नागपूर येथे १९८९ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र हे या कामाचे स्वाभाविक स्थान आहे. त्यानंतर लुधियानाचे सेंट्रल टूल रूम आणि छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम यांसारख्या संस्थांनी लहान कारखान्यांचे साचे माफक शुल्कात तपासून द्यावेत. साचा घडविण्यापूर्वी त्याचे सदृशीकरण करावे, आणि साचा चालल्यावर प्रत्यक्ष वळण मोजून भाकिताशी ताडावे. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच आवश्यक आहे. ज्या भाकिताची नंतर पडताळणी होत नाही, ते कारखान्यात नव्हे, ज्योतिषाच्या पोथीत शोभते. आणि फसलेल्या साच्यांची नोंद, कारखान्याचे नाव वगळून, यशस्वी साच्यांच्या नोंदीबरोबरच प्रसिद्ध झाली पाहिजे; कारण घर्षणाविषयी जे शिकावयाचे ते बहुधा फसलेल्या साच्यातूनच शिकता येते.

या विद्येचा आरंभ शाळेतही करता येईल, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. एका जाड नळीच्या टोकाला घट्ट झाकण बसवून त्याच्या मध्यभागी भोक पाडावे, नळीत दोन रंगांच्या चिकणमातीचे थर एकाआड एक भरावे आणि दट्ट्याने दाबावे. बाहेर आलेली कांब उभी कापली, म्हणजे मधली माती पुढे धावली आणि भिंतीजवळची मागे राहिली, हे रंगांवरून स्वच्छ दिसेल. नंतर भोक एका बाजूला सरकवून तोच प्रयोग करावा, कांब कोणत्या बाजूस वळते ते पाहावे आणि वळणाची त्रिज्या फूटपट्टीने मोजावी. प्रत्येक विद्यार्थ्याने दाबण्यापूर्वी आपला अंदाज वहीत लिहावा आणि दाबल्यानंतर मोजमाप त्याच्यासमोर नोंदवावे. अंदाज चुकला तर तो खोडू नये. चुकलेला अंदाज आणि बरोबर मोजमाप शेजारी शेजारी ठेवण्याची सवय ज्या मुलांना लागेल, त्यांच्यापैकीच काहीजण उद्या साच्याच्या तोंडाशी उभे राहतील, आणि त्यांच्या हाती कानशीबरोबर वहीही असेल.